दुधनीच्या अलीकडे

पुण्याहून मी निघालो तो दुधनीच्या लग्नाला, आणि दुधनीला पोचलोच नाही. तेव्हा दुधनीची हकीकत मिळेल म्हणून कोणी हे वाचायला घेतलं असेल, तर त्याची निराशा होईल. हा सोलापूरपर्यंतचाच प्रवास आहे, आणि त्यातलाही बराचसा एका स्वयंपाकघरात झाला.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. वैशाख होता. मावसबहिणीच्या मुलीचं लग्न अक्षय्य तृतीयेला धरलं होतं. बायकोला शाळेचे पेपर तपासायचे होते म्हणून मी एकटाच निघालो. बेत असा की सोलापूरला धाकट्या बहिणीकडे, शरूकडे, एक रात्र काढायची आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून दुधनीची गाडी पकडायची.

खिडकीशी जागा मिळाली. इंजिनाचा कोळसा डोळ्यांत जात होता, तरी खिडकी लावावीशी वाटेना. दौंड मागे पडलं की मला दरवेळी लहानपणाची हवा लागते. आम्ही भावंडं दुधनीची. वडिलांची तिथे शेंगांची आडत होती. कुर्डुवाडीला चहा घेताना फलाटावर पोत्यांची थप्पी दिसली आणि मला शरू आठवली. शरू म्हणजे आमच्या घरातली नामांकित झोपाळू. शेंगांच्या पोत्यांवर, बैलगाडीत, जेवता जेवता, कुठेही झोपायची. एकदा तर सोलापूरहून परतताना आम्ही सगळे सामानासकट दुधनीला उतरलो आणि ही बाकाखाली वळकटीला टेकून झोपलेली तशीच पुढे गेली. पुढच्या स्टेशनच्या मास्तरांनी तिला परतीच्या गाडीत बसवून दिलं. दुधनीला तिला उतरवून घेतलं तेव्हाही ती झोपेतच होती. वडील हसत म्हणाले होते, "हिचं गाव चुकलं हे हिला ठाऊकच न्हाई."

कुर्डुवाडीचा तो चहा घेताना मी बराच वेळ एकटाच हसत होतो.

सोलापूरला उतरलो तेव्हा दुपार पांढरी झाली होती. टांगेवाल्यानं ओला पंचा डोक्याला गुंडाळला होता.

"कुटं जायचं, सायेब?"

"बाळीवेस."

"बसा. पन घोड्याला हाकनार न्हाई मी. त्याच्या मनानं चालंल. ऊन लई हाय, त्यालाबी जीव हाय की."

घोडा त्याच्या मनानं चालला. गिरणीची उंच धुराडी, दारात वाळत घातलेली रंगीत सुताची लडी, कुठल्याशा माडीवरून मागांची खडखड. एका बोळातून तेलुगू, पुढच्या बोळातून कानडी, आणि टांगेवाला घोड्याशी बोलत होता ती त्याची घरची दखनी उर्दू. शाळेसाठी मी इथे काकांकडे राहिलो होतो. सगळं ओळखीचं वाटत होतं आणि आपण फार दिवसांनी आलोय हेही कळत होतं. शरूच्या घरी मी त्याआधी आलो होतो तो तिचे सासरे वारले तेव्हा, एका दिवसापुरता.

दारात शरूच्या सासूबाई, अज्जी, बसल्या होत्या. "बा अण्णा, बा," (ये) त्या म्हणाल्या. "ऊटा आतेनु?" (जेवण झालं का?) हा त्या भागातला नमस्कारच. घरात शिरणाऱ्या प्रत्येकाला तो मिळतो. शरू आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि मला क्षणभर ती ओळखूच आली नाही. इतकी वाळली होती. डोळ्यांखाली काजळ उतरल्यासारखं काळं. काजळ नव्हतं ते.

शरूची एकुलती एक मुलगी नीला तेव्हा चौदा वर्षांची होती. दहाव्या वर्षी तिला मधुमेह झाला. म्हाताऱ्यांना होतो तो नव्हे. हिला रोज सकाळी इन्शुलिनचं इंजेक्शन घ्यावंच लागायचं. पुण्यात बसून मला एवढंच माहीत होतं. या चार वर्षांत मी काय केलं, तर वर्तमानपत्रांतली कात्रणं कापून शरूला पाठवली. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, मेथ्या. प्रत्येक कात्रणाबरोबर मी लिहायचो, 'हे करून पाहा.' आणि पाकीट चिकटवताना आपण बहिणीसाठी काहीतरी केलं असं मला खरोखर वाटायचं.

ओसरीवर एक ट्रंक भरून ठेवली होती. मी म्हटलं, "चला, तयारी झाली म्हणायची."

"ती ह्यांची," शरू म्हणाली. "तुमी दोघं जावा. मी न्हाई येत."

तिचे यजमान, मल्लिनाथराव, चादरींच्या दुकानातून नुकतेच आले होते. अंगानं दांडगे, मिशीला पीळ. त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली.

"नीलाला घेऊन जाऊ की आपण," मी म्हटलं.

शरूऐवजी नीलाच बोलली. ती खांबाला टेकून उभी होती, दोन वेण्या, आईसारखीच नाक उडवायची सवय. "लग्नघरात पंगत कवा बसंल ह्याचा भरवसा न्हाई, मामा. आणि चुलीवर माझी सुई उकळायला ठेवली की सगळं गाव बघायला येतंय. मागं एकदा गेलतो की. मी म्हंजे गड्ड्याच्या जत्रेतला मौत का कुआ झाले."

"बघू देत की," मी म्हणालो.

"बघू देत काय, अण्णा?" शरू म्हणाली. "उद्या तिला कोण करून घेणार? हितं गल्लीत पन कुणाला म्हाईत न्हाई."

ती हे तक्रारीच्या सुरात म्हणाली नाही. मग सहज सांगावं तसं म्हणाली, "भागीरथीच्या लेकीचं लग्न बघायचं लई मनात होतं. भागी आणि मी एका ताटात जेवायचो." आणि तांब्या घेऊन आत गेली.

मी नंतर पुष्कळदा विचार केला की पुढचं वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं. दया होती की लाज, सांगता येत नाही. मी म्हणालो, "तू जा. मी राहतो. मला शिकव."

स्वयंपाकघरातलं भांडं वाजायचं थांबलं.

मल्लिनाथराव मोठ्यानं हसले. "अण्णासाहेब, ती सुई बघून मी दोनदा आडवा झालोय. दोनदा! पन तुमी पोस्टातली मान्सं. जल्मभर शिक्के मारलेत. हानायची सवय हाय."

शरू दाराशी आली. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं आमच्या आडतीत वडील नव्या हमालाकडे पाहायचे: पोतं उचलेल का हा?

संध्याकाळी मी मल्लिनाथरावांबरोबर सात रस्त्याला गेलो. तिथल्या औषधाच्या दुकानात फ्रिज होता आणि इन्शुलिनची बाटली तिथेच मिळायची. आधी सोडावॉटरच्या गाडीवरून बर्फाचा तुकडा घ्यायचा, तो थर्मासात टाकायचा, त्यावर बाटली, आणि थर्मास छातीशी धरून घरी यायचं. मल्लिनाथराव एवढा मोठा माणूस, पण त्या गर्दीतून थर्मास असा सांभाळत चालले होते जसं काही नवं बाळ घरी नेतायत. "सुईचं सोडा," ते म्हणाले, "पन ही आणायचं काम मी एकदाबी दुसऱ्याला दिलं न्हाई." मला त्या क्षणी त्यांचाही हेवा वाटला. त्यांच्या वाट्याला निदान एक काम होतं.

घरी फ्रिज नव्हता. शरूनं दोन माठ ठेवले होते, एक पाण्याचा, एक औषधाचा. दुसऱ्यात ओली वाळू, वाळूत बरणी, बरणीत बाटली. सोलापूरच्या उन्हाळ्यात त्या वाळूला ती दिवसातून कितीदा पाणी घालायची याची गणती नव्हती. हे औषध तेव्हा जनावरांपासून काढायचे. ते कशापासून बनतं हे अज्जीनं कधी विचारलं नाही आणि शरूनं कधी सांगितलं नाही. त्या शुद्ध शाकाहारी घरात तेवढं मौन दोघींनी पाळलं होतं.

मग शिकवणी सुरू झाली. काचेची सिरिंज छोट्या पातेल्यात उकळायची. तळाशी फडकं, नाहीतर तडकते. सुईचं टोक बोथट वाटलं तर दगडावर परजायचं. हवेचा बुडबुडा टिचकी मारून घालवायचा. टोचायचा सराव शरूनं मला वांग्यावर करायला लावला. माझ्या हातून एक वांगं पार चाळणी झालं.

"ते भरताला घेऊ नका गं," नीला ओरडली. "सगळ्यांची साखर उतरंल."

सकाळी लघवी तपासायची. नळीत निळं औषध, त्यात थेंब, आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर उत्तम. हिरवं, पिवळं, आणि शेवटी विटेसारखं लाल म्हणजे साखर फार. त्या घरात याला 'चादर बघणे' म्हणत. "आज कुठली चादर निघाली?" अज्जी देवघरातून विचारायच्या. "पोपटी!" नीला उत्तर द्यायची. मल्लिनाथराव म्हणायचे, "पोपटी खपतीया. लाल नको, लाल परत येतीया."

दुसऱ्या दिवशी सकाळी शरूच्या देखत मी नीलाच्या दंडाला पहिलं इंजेक्शन दिलं. सुई टेकवताना माझे डोळे मिटले. नीलाचेही मिटले होते. "मामा, डोळे मिटायचं काम माझं हाय," ती म्हणाली. "तुमी उघडा."

दुपारच्या पॅसेंजरनं शरू आणि मल्लिनाथराव निघाले. टांग्यात बसलेली शरू तीनदा उतरून परत आली. एकदा वाळूला पाणी घालायला. एकदा फडताळातला हिरवा डबा दाखवायला, ज्यात गुळाचा खडा असायचा; या घरात साखर ठेवतच नसत, गूळही लागेल तेवढाच आणत, पण हा खडा कायम. साखर फार उतरली, पोरगी घामाघूम झाली, तर तो तोंडात. दुसरा एक खडा नीलाच्या परकराला आतून शिवलेल्या खिशात. आणि तिसऱ्यांदा ती फक्त एवढं सांगायला आली: "गिरणीचा दुपारचा भोंगा झाला की तिच्या ताटात भाकरी पडली पायजे. कोन आलं, कोन गेलं, देव दारात उभा ऱ्हायला तरी. कळलं?"

"कळलं."

"न्हाई कळलं. नुसतं व्हय म्हनतोस."

टांगा बोळाच्या तोंडाशी वळला तरी ती मागे वळून बघत होती. त्या रात्री मी नीलाच्या मानेला हात लावून घाम बघायला उठलो. पुन्हा उठलो. सकाळी माझं डोकं जड झालं होतं, आणि शरूच्या डोळ्यांखालचं काळं कशाचं ते मला कळलं.

अक्षय्य तृतीया उजाडली. लिंगायतांच्या घरी हा बसवजयंतीचा दिवस. अज्जीनं पहाटेपासून हुग्गी (गव्हाची, गुळाची खीर) घातली होती. या दिवशी त्यांच्याकडे जंगम स्वामींना जेवायला बोलावतात. त्यांचे पाय धुवायचे, त्यांना वाढायचं, आणि त्यांच्या पोटात घास गेला की मग घरच्यांनी जेवायचं. लग्न होऊन या घरात आल्यापासून अज्जीनं हे एकदाही चुकवलं नव्हतं.

चादर हिरवी निघाली. इंजेक्शन दिलं, या वेळी डोळे उघडे ठेवून. न्याहारीला भाकरी आणि शेंगांची चटणी. नीला नवं परकर-पोलकं घालून ओसरीवर स्वामींसाठी मोगऱ्याचा हार ओवायला बसली. मी समोर बसलो. ती मला तिच्या शाळेतल्या बाईंच्या नकला करून दाखवत होती आणि मी मनात म्हणत होतो, जमतंय की.

भोंगा झाला. लांबलचक, लहानपणी ऐकलेला तोच. मी उठून आत गेलो. "अज्जी, नीलाचं ताट?"

"स्वामी येतेतच की रे. निरोप आलाय, शेजारच्या बोळात हायेत. सणाचा दिवस, घरं लई. एवढं त्यांच्या म्होरं ताट ठिवते, लगीच पोरीला वाढते."

मी ओसरीवर येऊन नीलाकडे पाहिलं. ती म्हणाली, "थांबू या की. अज्जीला वाईट वाटंल." मलाही तेच वाटलं. बहिणीच्या सासूबाई, त्यांचं घर, त्यांचा देव. पाहुण्यानं काय बोलायचं? मी बोळाच्या तोंडापर्यंत जाऊन आलो. स्वामी दिसले नाहीत. पुन्हा जाऊन आलो.

परत आलो तेव्हा नीला म्हणाली, "काय सारखं येरझाऱ्या घालतोस?"

मी थबकलो. ती मला कधी 'अरे-तुरे' करत नसे.

"तू आलासच कशाला?" ती म्हणाली. "लग्नाला चाललेलास. मधी अडकलास. चार वर्षं नुसते कागद पाठवलेस. कारल्याचा रस द्या म्हने! आई ते वाचून रडायची आणि चुलीत घालायची. आता पुण्याला जाऊन सांगशील सगळ्यांना, मी दोन दिवस राहिलो, मी दोन दिवस राहिलो."

मला काय झालं असेल? मी खांबाला टेकून बसलो. मला वाटलं, शेवटी कोणीतरी बोललं. मी मान खाली घातली आणि मनातल्या मनात शब्द जुळवू लागलो: तिला काय सांगायचं, शरूला काय सांगायचं, कात्रणांबद्दल कशी माफी मागायची. मी त्यात इतका बुडालो की समोरच्या पोरीकडे माझं लक्षच नव्हतं. स्वतःला दोष देण्यात माणूस किती रमतो ते मला त्या ओसरीवर कळायला हवं होतं. कळलं ते थोड्या वेळानं.

मोगऱ्याचं एक फूल माझ्या पायाशी घरंगळत आलं. मी वर पाहिलं. नीलाच्या हातात फूल नव्हतं, पण ती ओवत होती. सुई हवेत टोचत होती आणि ओढत होती. वरच्या ओठावर घामाचे थेंब, पोलकं पाठीला चिकटलेलं, चेहरा पिठासारखा.

मी तिच्या परकराचा खिसा चाचपला. खिसा नव्हता. नवा परकर, खिसा जुन्याला. मी आत धावलो, फडताळातला हिरवा डबा काढला, झाकण उघडलं. डबा रिकामा होता.

"अज्जी! गूळ?"

अज्जीचा हात तोंडाशी गेला. "हुग्गीला कमी पडला रे. सणाची हुग्गी अगोड कशी करायची म्हनून... तेवढाच घेतला रे मी..."

घरातला सगळा गोडवा त्या एका पातेल्यात होता. पातेल्यावर केळीचं पान झाकलेलं, पानावर फूल. नैवेद्य दाखवायचा होता, स्वामींचे पाय धुवायचे होते. मी पातेल्याकडे पाहिलं आणि माझा हात पुढे होईना. खरं सांगतो, त्या क्षणीही होईना.

अज्जीनंच पान उचलून भिंतीशी फेकलं. पळी बुडवली, वाटी भरली, आणि गुडघे दुखणारी ती बाई माझ्या आधी ओसरीवर पोचली. "तोंड उघड गं, माझी आई. गिळ. आनी येक. गिळ म्हनते न्हवं!" नीलानं पहिला घास थुंकला, दुसरा गिळला. मी पाणी धरलं. वाटी संपली, दुसरी आणली. आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना उकिडवे बसून तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.

हळूहळू रंग परतला. तिनं आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं. "हुग्गी?" ती म्हणाली. "स्वामी आले?"

आणि नेमके स्वामी दारात आले. वयस्क, भगवी छाटी, अनवाणी पाय धुळीनं भरलेले. अज्जी उठल्या, हात जोडले, आणि रडायला लागल्या. पातेलं उष्टं झालं, चूक झाली, पुन्हा स्वयंपाक करते, असं कानडीत काहीतरी भराभरा सांगितलं.

स्वामींनी नीलाकडे पाहिलं, तिच्या हनुवटीवरच्या हुग्गीकडे पाहिलं. मग पाटावर बसत म्हणाले, "हसिवाग्यद, अव्वा." (भूक लागलीय.) "सकाळधरनं पाच घरी पाय धुवून घेतले, जेवायला अजून कुनी वाढलं न्हाई. जे हाय ते वाढ की."

नीला खुदकन हसली. मग मीही. शेवटी आम्ही सगळे एकाच वेळी जेवलो. असं त्या घरात पहिल्यांदाच झालं असावं.

दुपारी अज्जी माझ्याशेजारी येऊन बसल्या. "अण्णा, सुनेला सांगू नगं रे. गुळाचं." थोड्या वेळानं नीला आली. तिला ओसरीवर आपण काय बोललो ते आठवत नव्हतं. "मामा, आईला सांगू नका. सांगितलं तर ती परत कुटं म्हनून जायची न्हाई."

मी दोघींनाही शब्द दिला नाही. नीलाचं म्हणणं खोटं नव्हतं. शरूला चार वर्षांत मिळालेली ही पहिली सुट्टी होती, आणि माझ्या एका कबुलीनं ती शेवटचीही ठरली असती. पण न सांगता पुण्याला गेलो, तर तिनं ज्याच्या हाती पोर सोपवली तो माणूस कसा आहे हे तिला कळलंच नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी टांगा आला. शरू उतरली, तिनं आधी नीलाच्या मानेला हात लावला, मगच चप्पल काढली. पण तिचा चेहरा! सुजल्यासारखा, गालावर गाडीच्या बाकाच्या फळ्यांचे वळ, डोळे लहान पोरासारखे.

"लग्न कसं झालं?" मी विचारलं.

"तिलाच विचारा!" मल्लिनाथराव गडगडले. "मुहूर्त आला, बँड वाजला, सगळे मंडपात. हिचा पत्ता न्हाई. मी अख्खं लग्नघर पालथं घातलं. कोठीच्या खोलीत, अण्णासाहेब, पत्रावळ्यांच्या गठ्ठ्यावर डोकं, आनी घोरायलीय! उठवाय गेलो तर भागीरथीताई दारात आडव्या. म्हनल्या, माझ्या लेकीचं लग्न हिच्यावाचून लागंल, पन हिला कुनी हात लावायचा न्हाई."

शरू लाजून पदरात तोंड लपवत होती. "भागीनं अक्षता दिलेल्या हातात. म्हनलं जरा टेकते. उठले तर वरात निघाली होती. आणि अक्षता मुठीतच. घामानं चिकटलेल्या." तिनं तळहात पाहिला, जणू तिथे अजून तांदूळ होते. "एवढ्या लांब गेले आणि झोपले. काय म्हनत असतील सगळे!"

तिला असं हसताना मी किती वर्षांनी पाहत होतो. तिथेच मी तिला सांगितलं. भोंगा झाला तरी मी ताट मागून घेतलं नाही, थांबलो, नीलाला घाम फुटला, मी वेळेवर पाहिलं नाही. गुळाच्या डब्याचं बोललो नाही.

शरूचं हसू गेलं. ती उठून आत गेली. फडताळाचं दार वाजलं, डब्याचं झाकण वाजलं. अज्जी जपमाळ घेऊन डोळे मिटून बसल्या होत्या, पण मणी सरकत नव्हते. शरू बाहेर आली. अज्जीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय दिलंस तिला?"

"हुग्गी. दोन वाट्या."

"पानी?"

"पाजलं."

"मग बरोबर केलंत." ती खाली बसली. "सणाला गूळ जास्त आणायला पायजे हुता, माझ्याच ध्यानात न्हाई आलं. दोन डबे ठिवीन आता." अज्जीचा एक मणी पुढे सरकला. "अण्णा, हे म्हैन्याला येकदा तरी व्हतंय माझ्या हातनं. तू काय लई मोठं पाप केल्यासारखं तोंड करून बसू नको."

थोड्या वेळानं तिनं हळूच विचारलं, "काय म्हनली तुला? तवा लई बोलती ती."

"काही नाही."

"मला म्हनती, तू माझी आई न्हाईस. म्हनती, मर."

"आणि तू?"

"मी घाम बघते."

मग मला राहवलं नाही. "शरू, ती जे बोलली ते खरं होतं."

"असंल की खरं," ती म्हणाली. "पन तवा खरं-खोटं बघत बसायचं न्हाई. आधी गूळ."

दुसऱ्या दिवशी मला पोचवायला ती स्टेशनवर आली, तेही एकटी. नीलाला दुपारचं ताट वाढायला या वेळी मल्लिनाथराव बसले होते. बरोबर कडक भाकरी आणि चटणीचं गाठोडं दिलं. पलीकडच्या फलाटावर दुधनीकडे जाणारी पॅसेंजर उभी होती. आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो. एखाद्या बाकाखाली अजून ती पोर झोपलेली असेल, असं मला उगाच वाटलं.

"ऊटा आतेनु?" मी तिला विचारलं. तिनं चमकून पाहिलं.

"न्हाई. घरी जाऊन जेवते." मग म्हणाली, "परत कवा येनार?"

"दिवाळीला येतो."

"दिवाळी नको. सगळीकडं गोडाचं. श्रावण सरला की ये. आणि मला कुटं धाडू-बिडू नको, दुधनी न्हाई का फिधनी न्हाई. मी माडीवर झोपते. तू खाली तिचं बघ." गाडी हलली तशी ती खिडकीबरोबर चार पावलं चालली. "कागद पाठवू नको!" ती ओरडली. "तू ये!"

परतीच्या वाटेवर मी भाकरी मोडून खात होतो आणि लोक ज्यासाठी प्रवासाला जातात त्याचा विचार करत होतो. देऊळ, डोंगर, नदी. माझ्या त्या प्रवासात यातलं काहीच नव्हतं. मी दोन माठ पाहिले, एक हिरवा डबा पाहिला, आणि एका बाईची झोप किती लांब जाऊन मिळते ते पाहिलं. पुढे मी त्या घरी वर्षातून दोन-तीनदा जाऊ लागलो. पहिले काही महिने अपराधी वाटायचं म्हणून, नंतर वेळ झाली म्हणून. दुसरं कारण जास्त उपयोगाचं. दुधनी मात्र तेव्हापासून राहूनच गेली. दरवेळी मी तिच्या अलीकडेच उतरतो.

पुण्याला घरी पोचलो तेव्हा बायको पेपरांच्या ढिगात बसली होती. चष्म्यावरून पाहत तिनं विचारलं, "कसं झालं लग्न?"

"छान," मी म्हणालो. "शरूला झोप लागली."